तुम्ही विचारलंत म्हणून: कॉमर्सच्या मुलांना डेरिव्हेटिव्ह कशाला?

प्रवेशाचे दिवस आले की हा प्रश्न मला हमखास येतो. "मॅडम, पोरगी कॉमर्सला आहे. तिला काय रॉकेट उडवायचंय? मग हे डेरिव्हेटिव्ह कशाला?" (डेरिव्हेटिव्ह म्हणजे शेअर बाजारातलं नव्हे, गणितातलं: एक गोष्ट जराशी बदलली की दुसरी किती बदलते, ते.) विचारणाऱ्यांत पालक असतात, सोसायटीतले शेजारी असतात आणि माझ्याच वर्गात बसून गेलेली, आता बँकेत चिकटलेली मुलंही असतात. त्यापाठोपाठ आणखी एक प्रश्न येतो, जरा आवाज खाली करून: "अकरावीला गणित सोडून एसपी घेतलं होतं. झेपेल ना?"

(एसपी म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, अकरावी-बारावी कॉमर्सला गणिताऐवजी घेता येणारा विषय.) दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. आधी पहिलं.

मी एफवायबीकॉमला गणित शिकवते. मुंबई विद्यापीठात या पेपराचं नाव वर्षानुवर्षं 'मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स' असं भारदस्त होतं; मुलं नुसतं मॅथ्स म्हणतात. शेअर्स, म्युच्युअल फंड, व्याज, ॲन्युइटी (ठरावीक मुदतीने भरायचे किंवा मिळायचे हप्ते), सरासरी, संभाव्यता, एलपीपी (लिनियर प्रोग्रॅमिंग, म्हणजे मर्यादा सांभाळून जास्तीत जास्त नफा किंवा कमीत कमी खर्च काढणं) असं बरंच काही त्यात असतं. व्याज कशाला शिकवता, असं कुणी विचारत नाही. लाखभराचं कर्ज तीन वर्षांसाठी 'फ्लॅट १० टक्के' दराने घेतलं तर व्याज ३०,००० आणि हप्ता ३,६११ रुपये पडतो. हाच हप्ता घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या कर्जावर मोजला तर दर १८ टक्क्यांच्या जवळ जातो, हे एकदा करून दाखवलं की बाइक घ्यायच्या विचारात असलेला शेवटच्या बाकावरचा मुलगाही वही उघडतो. तक्रार असते ती फंक्शन (एका आकड्यावरून दुसरा ठरवणारं सूत्र) आणि डेरिव्हेटिव्हबद्दल. म्हणून तेवढ्यापुरतंच बोलते.

समजा, एक ताई घरगुती डबे देतात. १०० रुपये दर ठेवला तर रोज ६० डबे जातात. दर ५ रुपयांनी उतरवला की १० डबे वाढतात. एका डब्याला सामान, गॅस, पोचवणं धरून ५० रुपये खर्च. शिवाय खोलीचं भाडं आणि मदतनीस बाईंचा पगार मिळून रोजचे १,५०० रुपये, डबे कितीही जावोत. तर दर काय ठेवावा?

वर्गात लगेच दोन तट पडतात. "मॅडम, दर उतरवा, धंदा वाढेल." "नाही मॅडम, दर चढाच ठेवा, डब्यामागे जास्त सुटतात." मग फळ्यावर आकडे मांडायचे. १०० ला ६० डबे: डब्यामागे ५० सुटले, झाले ३,०००. त्यातून १,५०० वजा, उरले १,५००. आता ८० ला १०० डबे: डब्यामागे ३०, पुन्हा ३,०००, पुन्हा उरले १,५००. म्हणजे चाळीस डबे जास्त रांधून हातात तेवढेच पैसे! इथे वर्ग जरा सावरून बसतो. ९० ला ८० डबे: ४० प्रमाणे ३,२००, उरले १,७००. आणि गल्ला सगळ्यात मोठा कधी? ६५ रुपयांना १३० डबे, विक्री ८,४५०. नफा? ४५० रुपये.

यावर कुणीतरी म्हणतंच, की मॅडम, हे आकडे घालून घालून सापडलं की, डेरिव्हेटिव्ह कुठे लागलं? बरोबर आहे त्याचं. उत्तर काढायला लागत नाही. ते ९०च का, हे कळायला लागतं. डब्यांची संख्या क्ष धरली तर दर होतो १३० वजा क्षचा निम्मा, विक्री १३० क्ष वजा क्षवर्गाचा निम्मा, आणि विक्रीचं डेरिव्हेटिव्ह १३० वजा क्ष येतं. ८० डब्यांपाशी आणखी एक डबा विकायचा तर दर सगळ्यांनाच थोडा उतरवावा लागतो, म्हणून गल्ल्यात ९० ची भर पडत नाही, ५० च्या आसपास पडते. तो एक डबा करायला खर्चही ५० येतो. तिथे थांबायचं. त्याच्या अलीकडे थांबलात तर सुटणारे पैसे सोडलेत, पलीकडे गेलात तर फुकट राबलात.

आता माझा आवडता भाग. मी भाडं वाढवते. रोजचे १,५०० होते, त्याचे २,००० करते. "आता दर काय ठेवाल?" सगळा वर्ग एका सुरात: "वाढवायचा!" गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलंही त्यात असतात. मग म्हणते, करून बघा. १०० ला आता १,००० उरतात. ८० ला १,०००. ९० ला १,२००. नफा घटला, दर जागचा हलला नाही. नफ्याच्या सूत्रात बघा: भाड्याचा आकडा क्ष शिवाय एकटा उभा आहे. स्थिर संख्येचं डेरिव्हेटिव्ह शून्य. हे वाक्य गणित घेतलेल्यांनी बारावीत घोकलेलं असतं, त्यावरची शंभर उदाहरणं सोडवलेली असतात. पण ते वाक्य खोलीच्या भाड्याबद्दल काही म्हणत असेल, अशी शंकाही कुणाला आलेली नसते. हे वाढलेले ५०० रुपये पुढच्या डब्याला चिकटलेले नाहीत. एक डबा कमी केला म्हणून वाचत नाहीत, एक जास्त केला म्हणून वाढत नाहीत.

याच्यावर वाद होतोच आणि तो व्हावा अशी माझी इच्छाच असते. एका दुकानदाराच्या मुलीने मला विचारलं होतं, "पण आमच्या गल्लीत भाडी वाढली की सगळेच भाव वाढवतात. ते काय सगळे मूर्ख आहेत का?" नाहीत. भाडं सगळ्यांचंच वाढलं की एखाददुसरं दुकान बंद पडतं, त्याचं गिऱ्हाईक उरलेल्यांकडे वळतं, म्हणजे मागणीचं सूत्रच बदलतं आणि मग भाव चढतो. किंवा दर आधीपासूनच जमतो त्यापेक्षा कमी होता, ओळखीच्या माणसांकडून जास्त मागायचा संकोच होता, भाडेवाढीने निमित्त मिळालं. आणि आपल्या ताईंचा रोजचा ठरलेला खर्च ३,२०० च्या वर गेला तर ९० रुपयांनाही तोटाच. मग प्रश्न दराचा राहत नाही, डबे चालू ठेवायचे का हा होतो. निर्णयाबरोबर काय बदलतं आणि काय बदलत नाही, एवढं वेगळं काढता येणं, माझ्या मते डेरिव्हेटिव्ह शिकवायचं ते एवढ्यासाठी. बाकीची सूत्रं मोबाइलवर मिळतात.

ही युक्ती काही आजची नाही. फ्रान्समध्ये ऑगस्तँ कूर्नो या गणिती अर्थतज्ज्ञांनी १८३८ साली खनिज पाण्याच्या झऱ्याच्या मालकाचं उदाहरण घेऊन हेच मांडलं होतं. पाणी आपोआप येतं, खर्च शून्य धरला, मग भाव किती ठेवावा? विक्रीचं डेरिव्हेटिव्ह शून्य करा. त्या काळी फारसं कुणी लक्ष दिलं नाही. अर्थशास्त्राच्या लोकांना गणिताची धास्ती होती म्हणतात. ती परंपरा आमच्याकडे अजून टिकून आहे.

आता आमच्या बाजूची चूकही सांगायला हवी. परीक्षेत येतं काय, तर 'खर्चाचं फंक्शन क्षचा घन वजा सहा क्षवर्ग अधिक पंधरा क्ष, सीमांत खर्च (आणखी एक नग करायचा खर्च) काढा'. क्ष म्हणजे साबणाच्या वड्या की ट्रॅक्टर, कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. पोरं ठोकळेबाज उत्तर काढून मार्क घेतात. अशाने 'कशाला?' हा प्रश्न पडला नाही तरच नवल. मॅट्रिक्सचंही तेच. एका उद्योगाला दुसऱ्याचा किती माल लागतो ते मॅट्रिक्समध्ये मांडणाऱ्या इनपुट-आउटपुट कोष्टकांसाठी वासिली लिओन्टिएफ यांना १९७३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्याकडे मॅट्रिक्स म्हणजे कंसातल्या आकड्यांचे आडवे-उभे गुणाकार.

दुसरा प्रश्न: एसपी घेतलेल्यांना झेपेल का? झेपेल. उलट एका ठिकाणी गणितवालीच अडखळतात. शाळेपासून त्यांना सवय असते, की ज्याच्यावर उत्तर अवलंबून ते आडव्या अक्षावर घ्यायचं. मागणी किमतीवर अवलंबून, म्हणजे किंमत आडवी. आणि अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं तर किंमत उभ्या अक्षावर! इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या सुमारास रूढ केलेली ही रीत, अजून कुणी मोडलेली नाही. एसपीवाल्याला यात काही वावगं वाटत नाही, तो निमूट आकृती काढतो. गणितवाला उताराचा आकडा उलटा लिहून बसतो आणि लवचीकतेचं (किंमत बदलली की मागणी किती बदलते, त्याचं) उत्तर चुकवतो.

मुलं खरोखर अडतात ती डेरिव्हेटिव्हवर नाही. कंसाबाहेर वजा असला की आतली चिन्हं बदलायची विसरतात. अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागायची वेळ आली की पेन थांबतं. आणि टक्केवारी! जीएसटी धरून बिल १,१८० रुपये, दर १८ टक्के, तर मूळ किंमत किती, असं विचारा. अर्धा वर्ग १,१८० चे १८ टक्के काढून वजा करतो आणि ९६७ रुपये ६० पैसे सांगतो. १.१८ ने भागायचं, म्हणजे हजार. हे एसपी घेतल्यामुळे झालेलं नाही, हे सातवी-आठवीपासून साठत आलंय. बालभारतीची त्या इयत्तांची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात. कॉलेज सुरू व्हायच्या आधी त्यातली बीजगणिताची आणि शेकडेवारीची प्रकरणं सोडवली, तरी माझं अर्धं काम होतं. अठरा वर्षांच्या मुलाला आठवीचं पुस्तक हातात धरायला लाज वाटते, तेवढं मात्र घरच्यांनी सांभाळून घ्यावं.

ज्यांना पुढे इकॉनॉमिक्सच करायचंय, त्यांना मात्र मी असं सोपं उत्तर देत नाही. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला बारावीचं गणित लागतंच, आणि एमएला बहुतेक ठिकाणी सुरुवातीलाच गणित समोर येतं. तिथे अकरावीलाच एसपी घेणं महागात पडतं. सीए करायचंय त्यांनीही लक्षात ठेवावं, फाउंडेशनला गणित-स्टॅट्सचा पेपर आहे आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापतात.

राहिला शेवटचा, दारातून निघता निघता विचारला जाणारा प्रश्न: "क्लास लावू का?" पहिल्या चाचणीपर्यंत थांबा. पेपर घरी आला की मार्कांकडे बघू नका, गणित कुठल्या ओळीला चुकलंय ते बघा. चूक कंसात किंवा टक्क्यात असेल तर क्लासचे पैसे वाचवा.