मधुबालेचा हेवा

आज मधुबालेचा हेवा वाटला. पन्नाशी उलटल्यावर, पापाच्या तिकटीला, फ्रेमवाल्याच्या दुकानात उभं राहून.

आईचा फोटो द्यायला गेले होते. वर्षश्राद्धाच्या आत मोठा करून लावायचा असं ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय. दादाचं दादाला माहीत. काउंटरवर आधीच एक भलीमोठी प्रिंट पसरलेली. काळीपांढरी, केस मोकळे, कुणीतरी नुकतंच काही बोललंय आणि हिला हसू आलंय अशी. कुठल्याशा हॉटेलच्या भिंतीसाठी म्हणे. १९५१ साली ‘लाइफ’ मासिकाच्या जेम्स बर्कनं तिचे पुष्कळ फोटो काढले, त्यांतलाच वाटला. तेव्हा ती अठराची. बर्कचे ते फोटो बघताना एकच जाणवतं, कॅमेरामागच्या माणसाला घाई नव्हती.

तिच्या शेजारी आमची आई. मामेभावाच्या लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेली, डोळे अर्धे मिटलेले, डावीकडे मावशीचा खांदा, जरीच्या काठासकट.

“ताई, खांदा घालवू काय? कॉम्प्युटरवर जातोय.”

राहू दे म्हटलं. मावशी अजून आहे, बघायला येईल.

घरी येऊन पुन्हा सगळे अल्बम उपसले. आई आहे, नाही असं नाही. पंगतीत वाढताना, पाठमोरी, कडेला, अर्धी. तिच्याकडेच बघत कुणी एक फोटो काढला असेल तर शपथ. आणि गाव कुठलं, तर कोल्हापूर! बाबूराव पेंटरांनी देशी कॅमेरा घडवला तो इथं, १९२९ साली ‘प्रभात’ सुरू झाली ती इथं. (आज्जा स्टुडिओत सुतारकाम करायचा. ते पुन्हा कधीतरी.)

मग स्वतःशीच भांडले. तिचा कसला हेवा करतेस? ‘बसंत’ १९४२ चा, म्हणजे खेळायच्या वयात ती कॅमेऱ्यापुढे उभी, तिच्या कमाईवर एवढं मोठं खटलं. हृदयाला जन्मापासून छिद्र. २३ फेब्रुवारी १९६९ ला गेली तेव्हा छत्तीस. आईला ८१ वर्षं मिळाली, आणि शेवटच्या आजारापर्यंत भाकरी दुसऱ्या कुणाला थापू दिली नाही. तरी हेवा काही जाईना. तो तिच्या रूपाचा नव्हे, आयुष्याचा तर नव्हेच. कुणीतरी समोर बसून निवांत बघितलं, त्या बघण्याचा.

तसं बघायला गेलं तर बर्कलाही आई आवरली नसती. स्टुडिओत चल म्हटलं की, “मला कशाला? मी काय हेरॉईन हाय? तेवढ्यात चटणीच्या मिरच्या येत्यात.” मोबाइल धरला की पदर तोंडावर, आणि वर एक ठेवणीतली शिवी. माझ्या मोबाइलमध्ये तिचा पदर भरपूर आहे. एका व्हिडिओत नुसता तळहात, पीठ लागलेला, आणि मागून आवाज, “बंद कर ते, दूध बघ आधी.” दूध उतू गेलंच होतं त्या दिवशी.

मघाशी दादाला फोन केला, फोटो कुठं लावायचा म्हणून. म्हणाला, टीव्हीच्या वर. अरे, मग तिला सिरीयल कशी दिसणार? समोरच्या भिंतीवर लाव म्हटलं तर तिथं वहिनीच्या माहेरचं घड्याळ आहे. उद्या वहिनीशीच बोलते.