खरखरीमागचा तंबोरा

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आजची दुपार एका तबकडीत गेली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची झिंझोटी रागातली ठुमरी, ‘पिया बिन नहीं आवत चैन’. गाणं जेमतेम तीन मिनिटांचं, पण माझ्याकडे त्याच्या तीन प्रती आहेत. एक तबकडीवरून जशीच्या तशी उतरवलेली, दुसरी थोडी साफ केलेली, तिसरी अगदी लख्ख, रीमास्टर म्हणून मिळालेली.

सकाळी मला तिसरीच आवडली होती. नंतर लक्षात आलं, तिचा आवाजच मोठा होता. मोठा आवाज कानाला बहुतेकदा चांगला वाटतो. मग तिन्हींची पातळी सारखी केली आणि मुलाला म्हटलं, तू लाव, कुठली ते सांगू नकोस. तो दर वेळी एवढंच विचारायचा, “बाबा, आता पुढची?”

डोळे मिटून ऐकताना मी गाणाऱ्याच्या आवाजाकडे नाही, मागच्या तंबोऱ्याकडे कान लावला. जवारीचा, म्हणजे तारा घोडीला हलक्या घासून उठणारा झंकार, म्हणजे वरच्या पट्ट्यातल्या बारीक बारीक स्वरांचा गुंजारव. तबकडीची खरखरही तिथेच राहते. सॉफ्टवेअर गाणं नसलेल्या जागेतून खरखरीचा नमुना घेतं आणि तो सगळ्या गाण्यातून वजा करतं. हात जरा जड पडला की तिच्याबरोबर जवारी जाते, श्वास जातो, आणि स्वर सोडल्यावर मागे रेंगाळणारी आस मध्येच कापली जाते. तिसऱ्या प्रतीत नेमकं हेच झालंय. शांतता आहे, पण ती मेलेली शांतता. वर घुमाराही चढवलाय, त्यामुळे खाँसाहेब समोर बसून गात नाहीत, कुठल्यातरी घुमटाखाली गातात. त्यांच्या त्या बारीक, टोकदार, आर्त आवाजाला घुमटाची गरज काय?

शिवाय पट्टी, म्हणजे स्वराची उंची. तिसरी प्रत पहिलीपेक्षा जवळजवळ अर्ध्या स्वराने चढी निघाली. तबकडीच्या मिनिटाला 78 फेऱ्यांऐवजी 82-83 झाल्या की एवढा फरक पडतो. आवाज आणखी पातळ होतो, लय पळते, ताना उगाच चपळ वाटतात. ही चूक मला खरखरीपेक्षा फार मोठी वाटते. खरखर कान दहा सेकंदांत बाजूला सारतो. बदललेला गळा कसा बाजूला सारणार?

दुसरी प्रत मला सगळ्यात प्रामाणिक वाटली. तबकडीचे टकटक आवाज काढलेत, खरखर थोडी ठेवलीय. षड्ज लागतो तेव्हा त्याची कड ऐकू येते.

खाँसाहेब 1937 मध्ये गेले. मिरजेला दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि माझा तंबोराही मिरजेचाच. रात्री तो काढला, जवारीचा दोरा सरकवत सरकवत लावला आणि पुन्हा दुसरी प्रत लावली. आता त्या खरखरीमागचा झंकार मला आणखी स्पष्ट ऐकू येत होता. मुलगा दारात येऊन उभा राहिला. “दुसरी ना?” तो म्हणाला.