गूफी, आज संकष्टी आहे

गुरुवार, रात्र. ऑर्लँडो.

मुलं झोपली. बाबा टीव्हीवर हवामानाचा अंदाज बघतायत. कुठल्याही देशातलं हवामान त्यांना चालतं. आईने मघाशी बाल्कनीतून चंद्र बघून उपास सोडला, घरून आणलेल्या छोट्या कुकरातल्या मूगडाळीच्या खिचडीवर. माझा नवरा सुमित लॅपटॉपवर सहलीचा हिशेब मांडतोय आणि मधूनच माझ्याकडे बघतोय. काय म्हणायचंय ते मला माहीत आहे. सकाळपासून एकच विषय चाललाय: शेफ मिकीजमधल्या नाश्त्याचं बिल.

शेफ मिकीज हे डिस्नेच्या कन्टेम्पररी हॉटेलातलं बुफे. तिथे मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी आणि प्लूटो एकेक करून आपल्या टेबलाशी येतात, सही देतात, फोटो काढू देतात आणि पुढच्या टेबलाकडे सरकतात. नाश्त्याला मोठ्यांचे माणशी 50 डॉलरच्या वर, 3 ते 9 वर्षांच्या मुलांचे 30 च्या वर, 3 वर्षांखाली फुकट. दहा पूर्ण झाली की डिस्नेच्या लेखी माणूस मोठा. वर टॅक्स, त्यावर टिप. आम्ही चौघं मोठे आणि लेक ईरा मिळून आकडा 300 च्या पलीकडे गेला, धाकटा बिनपैशाचा. बाबांनी जागेवरच रुपये केले, पंचवीस हजारांच्या वर, आणि "असू दे" म्हणाले. गावाकडच्या लग्नात आहेराचं पाकीट अंदाजापेक्षा जड झालं की ते नेमकं असंच "असू दे" म्हणतात.

बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, तेही भल्या पहाटे. मी अंथरुणात बसून फोनवर ते केलं तेव्हा सुमित कूस बदलून म्हणाला होता, "तत्काळ काढतेयस का?" टेबल मिळालं तेव्हा मला तसाच आनंद झाला, हे मात्र खरं. भाव काय आहे हे त्या क्षणी कोण बघतं?

खाण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मिकीच्या डोक्याच्या आकाराचे वॉफल, अंडी, बेकन, बटाटे, फळं, दही. बऱ्या हॉटेलात मिळतो तसा नाश्ता, त्याच्या वर काही नाही. बाबांनी वसुलीच्या इराद्याने वॉफलवर वॉफल घेतले आणि दुपारी जेवले नाहीत, म्हणजे तेवढी बचत.

आईची मला काळजी होती. ती अंडं खात नाही, आणि वॉफलात अंडं असतं. त्यात आज संकष्टी निघाली. ही माझी मुळीच योजना नव्हती, पण त्यामुळे प्रश्नच मिटला. तिने ताट भरून कलिंगड, अननस आणि स्ट्रॉबेऱ्या घेतल्या, वर कॉफी. बसल्यावर हळूच विचारलं, "उपाशी माणसाचेही तेवढेच घेतात का गं?"

तेवढेच घेतात, आई.

गूफी आला तो नेमका तिच्याच बाजूने. तिचं ताट बघितलं, दोन्ही हात पसरले: बाकीचं कुठाय? आईने त्याच्याकडे मान वर करून बघितलं आणि अगदी सहज, शेजारच्या काकांना सांगावं तशी म्हणाली, "अहो, आज संकष्टी आहे." गूफीने तो प्रचंड पांढरा हातमोजा छातीवर ठेवला आणि मान लववली. मग माझ्या ताटाकडे बोट दाखवून डोकं हलवलं, म्हणजे बघा, मुलगी मात्र हादडतेय. आई इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं.

त्यानंतर तिला कोणी थांबवू शकलं नाही. मिकी आचाऱ्याच्या पांढऱ्या कोटात आला, तर त्याला विचारते, "साबुदाण्याची खिचडी येते का रे करायला?" त्याने हनुवटीला बोट लावून बराच वेळ विचार केला आणि शेवटी नाही म्हणून मान हलवली. "नुसता कोट घालून काय उपयोग," असं म्हणून हिने त्याच्या दंडावर चापटी मारली. मिनीला फ्रॉक छान आहे म्हणून सांगितलं. प्लूटोने धाकट्याच्या बाबागाडीत नाक घातलं आणि त्याने भोकाड पसरलं, तेव्हा "हा चावत नाही रे" हे नातवाला आणि "तुम्ही जरा लांबून" हे प्लूटोला. दोघांनी ऐकलं.

मी वॉफल कापत बघत होते. आई अमेरिकेत आल्यापासून घराबाहेर कोणाशी बोललेलीच नाही. दुकानात, बागेत, शेजारच्या बाईंनी हात केला की ती एक ठरावीक हसू हसते आणि माझ्याकडे बघते. इंग्रजी वाचते ती, समजतंही पुष्कळ; पण समोरच्याच्या वेगाने उत्तर जुळवेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. सांगलीत भाजीवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालणारी बाई इथे माझ्या मागे उभी राहायला शिकलीय. आणि या टेबलाशी आलेल्या पाचांपैकी एकही जण बोलत नव्हता. मुखवट्यातली पात्रं डिस्नेत बोलत नाहीत, खाणाखुणाच करतात. तिथे इंग्रजी येणारा आणि न येणारा असा फरकच उरत नाही. उलट तिची मराठी त्यांच्या खुणांवर भारी पडत होती.

सिंड्रेलाच्या किल्ल्यातल्या जेवणाचंही माझ्या डोक्यात होतं. ते याहून महाग, आणि डिस्नेच्या मॅजिक किंगडम या पार्कच्या आत असल्यामुळे पार्कचं तिकीट वेगळं. तिथल्या राजकन्या चेहऱ्यानिशी येतात आणि बोलतात, गोड गोड प्रश्न विचारतात, अर्थात इंग्रजीत. आईने तिथेही तेच ठरावीक हसू काढलं असतं. ईराला मात्र ते जास्त आवडलं असतं. तिला राजकन्याच हव्या होत्या. मिकी तिच्यासाठी कंपासपेटीवरचं चित्र आहे. सह्यांची वही तिने शिस्तीत भरून घेतली आणि वॉफलकडे वळली. खरी खूश ती कधी झाली, तर मध्येच गाणं लागलं आणि सगळ्यांनी आपापले नॅपकिन डोक्यावर गरागरा फिरवले तेव्हा. नॅपकिन आमच्या घरीही आहेत.

डोनाल्डसाठी पहिली उठून उभी राहिले ती मी. रविवारी दूरदर्शनवर हिंदीत भांडणारी बदकं बघत वाढलेल्या पिढीकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

सुमितचं म्हणणं असं की हीच पात्रं पार्कमध्ये तिकिटाच्या पैशांतच भेटतात, वेगळे 300 डॉलर कशाला? बरोबर आहे. पण तिथे रांग असते, एका पात्रासाठी अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि आईचे गुडघे पंधरा मिनिटांत बोलायला लागतात. पाच पात्रांच्या पाच रांगा सोडाच, तिने पहिलीतच "तुम्ही या जाऊन, मी बसते इथे" म्हटलं असतं. मग आम्ही फोटो काढून आणून तिला दाखवले असते. आज तिला कुठेच जावं लागलं नाही. सगळे तिच्याकडे आले.

दुसरं म्हणजे, हॉटेलातल्या रेस्टॉरंटला पार्कचं तिकीट लागत नाही. आज आम्ही कोणीच पार्कमध्ये गेलो नाही. एका दिवसाचं तिकीट माणशी 100 डॉलरच्या वर आहे, म्हणजे नुसतं आई-बाबांचं धरलं तरी नाश्त्याच्या बिलातला मोठा भाग तिथेच वाचला. हे मी त्याला दोनदा सांगितलं. "न केलेला खर्च म्हणजे बचत नव्हे," असं तो म्हणतो. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाशी लग्न केलं की हे ऐकावं लागतं.

आम्ही दोघंच असतो, किंवा नुसती मुलं घेऊन आलो असतो, तर मी गेले नसते. धाकट्याला काडीचा फरक पडला नाही आणि ईराला पॉपकॉर्नवर पटवता आलं असतं. पात्रांचं जेवण मुलांसाठी म्हणून विकतात, पण आज सकाळी टेबलावरचं मूल आई होती.

बाबांना सगळ्यात काय आवडलं? शेळी. कन्टेम्पररी हॉटेल 1971 मध्ये मॅजिक किंगडमबरोबरच उघडलं. आतून पोकळ, उतरत्या भिंतींचं, मोनोरेल थेट इमारतीच्या पोटातून जाते. मधोमध मेरी ब्लेअर या चित्रकर्तीने केलेलं 90 फूट उंच टाइल्सचं भित्तिचित्र आहे, लाल-केशरी रंगांचं, मुलं-पक्षी-प्राणी भरलेलं. त्यात एक शेळी आहे, पाच पायांची. मुद्दाम तशी काढलीय. बाबांनी ती शोधून काढली, पाय बोट लावून मोजले, मग ईराकडून मोजून घेतले, मग एका अनोळखी अमेरिकन आजोबांना ओढून आणलं आणि त्यांच्याकडूनही मोजून घेतले. बाबांना इंग्रजीची भीती कधीच नव्हती, व्याकरणाचीही नाही. नंतर मोनोरेलमधून हॉटेलांची एक फेरी झाली. तिलाही पैसे पडत नाहीत. म्हणजे 300 डॉलरच्या सकाळीत बाबांना जे आवडलं ते सगळं फुकटातलं. हे सुमितला सांगायचं नाही असं मी ठरवलंय.

आत्ता तो दात घासायला गेला तेव्हा मी लॅपटॉपवर डोकावले. शेफ मिकीज त्याने "खाणं" या रकान्यात टाकलं होतं आणि तो सगळा रकाना लाल झाला होता. मी ती ओळ उचलून "तिकिटं" मध्ये नेऊन ठेवली. आता खाण्याचं बजेट छान हिरवं दिसतंय. तिकिटांचं काय झालंय ते उद्या बघेल तो.