अगस्तींचा जग

दुपारच्या चहानंतर मामांनी शोकेसचं कुलूप काढलं आणि दोन मुंडकी टेबलावर आणून ठेवली. एक बॅकस, रोमनांचा दारूचा देव; दुसरा नेपच्यून, त्यांचा समुद्राचा देव. मामी कपबश्या उचलून मुकाट्यानं आत गेल्या. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्या घरात या दोघांवरची धूळ पुसायची नाही, हा मामींचा जुना नेम.

रॉयल डॉल्टन या इंग्लिश चिनीमातीच्या कंपनीचे जग हे, म्हणजे पेय ओतायची भांडी. इंग्लंडात अठराव्या शतकापासून टोबी जग होते: तिकोनी टोपीवाला अख्खा माणूस, हातात दारूचं भांडं. पुढे डॉल्टनचे कलादिग्दर्शक चार्ल्स नोक यांनी धड काढून नुसतं डोकं ठेवलं. १९३४ साली जॉन बार्लीकॉर्न आला, इंग्रजी लोकगीतांतला दारूचा मानवी अवतार. मागाहून राजे आले, खलाशी आले, देवही आले. मामांच्या बॅकसचं नशीब असं, की वारुणीचा देव येऊन पडला तो १९६० पासून दारूबंदी असलेल्या राज्यात. मामा त्यात ताक ओतून पितात. ते बघून मला प्रश्न पडतो: असा जग आपल्या पुराणातल्या कुणाचा करायचा, तर कुणाचा?

मला आवडतो तो यांचा धरायचा कान. चेहऱ्यावरून मेलं काय कळणार, खरी ओळख मागे. बॅकसला द्राक्षाची पिळलेली वेल, नेपच्यूनला त्रिशूळ आणि मासा. विष्णूच्या चोवीस मूर्तींचं तरी वेगळं काय आहे? शंख, चक्र, गदा, पद्म कुठल्या हातात, ते बघा आणि नाव घ्या.

पण आमच्या आजीला हे पटलं नसतं. रविवर्म्यांनी सयाजीरावांसाठी केलेली पुराणातली चौदा चित्रं राजवाड्याची. आजीच्या वाट्याला कॅलेंडरवरची लक्ष्मी. वर्ष सरलं की ती तारखा कापायची आणि चित्र फडताळाच्या दाराला आतून खळीनं चिकटवायची. टाकणार कुठे? हळदीचा डबा काढायला दार उघडलं की ओळीनं पाच लक्ष्म्या आणि एक दत्त, सगळ्यांना हिंगाचा वास. मला लहानपणी देवांचा वास तोच वाटे; देवळात गेलं की काहीतरी कमी आहेसं वाटायचं. तिथवर आजीचं चालायचं. मात्र कुणीतरी गणपती छापलेला मग दिला, तेव्हा त्याला ओठ लावायची बंदी झाली. त्यात फुलवाती राहिल्या.

म्हणून देव नको, ऋषी चालेल. माझं मत अगस्तींना. स्वतः घड्यातून जन्मले, वर समुद्र पिऊन मोकळे. नेपच्यूननं यांच्यासमोर गप्पच बसावं. द्रोणाचार्यही भांड्यातलेच, पण त्यांच्या हातचं पाणी एकलव्य आठवून घशाखाली उतरणार नाही. अगस्तींना जटांची कड, ओतायला पुढे चोच, आणि मागे कानाच्या जागी मेंढा झालेला वातापी, अगस्तींनी खाऊन पचवलेला तो राक्षस. जेवणानंतर ताक ओतताना बोटं थेट त्याच्या पाठीवर.

फाइन आर्ट्सला सिरॅमिक शिकणारी पोरं चहाच्या टपरीवर दिसतात. एखाद्याला विचारीन म्हणतो. मेंढ्याची शिंगं तेवढी बोचायला नकोत.