सहावी, सहामाही आणि आजीचं "कशावरून?"

२ नोव्हेंबर, रविवार. डिचोली.

सहामाहीचे पेपर सुट्टी पडायच्या आधीच मिळाले होते, आज कपाट आवरताना ते परत हाताला लागले आणि म्हटलं आमचा सहावीवाला चवथीपासून (म्हणजे गणपतीची चवथ, यत्ता नव्हे) दिवाळीपर्यंत नेमकं काय शिकला ते एकदा लिहून ठेवावं. मार्क बरे आहेत, त्यावर बोलायचं काही नाही. पण पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रूपवर सप्टेंबरपासून एकच रडगाणं, पोर्शन संपत नाही, सुट्ट्या फार, चवथीची सुट्टी झाली की नवरात्र, मग नरकासुराचे पुतळे करायच्या नादात पोरं, मग दिवाळी. २०२५ पासून गोव्यात सहावी ते दहावीची शाळा एप्रिललाच सुरू झाली तरी हे रडगाणं तेच आहे. मला विचाराल तर पोरगा जे काय शिकला ते बरंचसं या सुट्ट्यांमध्येच शिकला, आणि त्याला कारण शाळा नाही, मी तर नाहीच, आमच्या सासूबाई आहेत.

आजी मराठी चौथी शिकलेली. पोर्तुगीज असताना देवळाच्या ओसरीवर शाळा भरायची तिथे सुरुवात केली, गोवा मुक्त झाला तेव्हा आठ वर्षांची होती. नातू चौथीपर्यंत मराठी शाळेत होता तोवर त्याचं पुस्तक ती स्वतः वाचायची, पाचवीपासून सगळं इंग्रजी झालं आणि तिचं वाचणं बंद झालं. मग ती त्यालाच सांगायला लावते, आज काय शिकवलं रे? तो सांगतो. ती ऐकून घेते आणि विचारते, कशावरून? तो म्हणतो टीचरनी सांगितलं. तर म्हणते टीचरना कुणी सांगितलं? संपलं! पहिल्यांदा तो चिडायचा, हल्ली चिडत नाही, उत्तर शोधायला जातो.

चवथीच्या वेळी सायन्सला वनस्पतींचा धडा चालू होता. पानावर शिरांची जाळी असेल तर मूळ सोटमूळ, शिरा समांतर असतील तर मुळं झुपक्याची, असा नियम. घरात माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधायची गडबड, नारळ, सुपारीचे घोस, तवशी, आंबाडे, चिबूड, कांगुण्या सगळा पसारा ओसरीवर, आणि हा पानं उलटीपालटी करत बसलेला. हळदीची पानं तर घरात होतीच, पातोळ्या केल्या होत्या, आणि उकडलेल्या पातोळीवर पानाच्या शिरांचे ठसे येतात ना, सरळ रेघा रेघा, ते बघून म्हणाला आई हे पॅरलल आहे. मला इतकी वर्षं पातोळ्या करून हे दिसलं नव्हतं हं, म्हणजे दिसायचं पण धड्याशी जोडलं नव्हतं. आजीनं अर्थातच विचारलं, मुळाचं कशावरून? मग परसात जाऊन टाकळा उपटला, एकच जाड मूळ सरळ खाली गेलेलं. शेताच्या बांधावरून भाताचं एक चूड आणलं, झुपका. इथपर्यंत पुस्तक बरोबर. मग आजी उठली आणि न्हाणीघराच्या मागचं अळू उपटून घेऊन आली. पान बघ म्हणाली. पानावर सुंदर जाळी. मूळ बघ. खाली कांदा आणि त्याला बारीक बारीक मुळांचा झुपका! आता काय करशील? नियमाप्रमाणे अळू दोन्हीकडे बसेना. पोरगा रात्री जेवताना गप्प होता. शाळा उघडल्यावर त्यानं वर्गात अळूचं पान नेलं आणि टीचरनी सांगितलं की अळू हे भाताच्या, हळदीच्याच गटातलं आहे, एकदलच, पण पानाच्या बाबतीत अपवाद. टीचरना हे माहीत होतं याचं मला बरं वाटलं, आणि "अपवाद" म्हणून गप्प न बसवता पान सगळ्या वर्गात फिरवलं याचं त्याहून.

परीक्षेत त्यानं नियम लिहिला, अळू लिहिलं नाही. म्हणाला, विचारलं नव्हतं. शहाणा आहे.

लोहचुंबकाचा धडा आमच्या डिचोलीत कुणालाही शिकवावा लागू नये खरं तर. अर्ध्या गावाची पोटं लोखंडाच्या मातीवर चालायची, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हाचे हाल आठवतात. पोरानं रस्त्याकडेच्या लाल धुळीतून लोहचुंबक फिरवला तर काळे बारीक कण चिकटले, पण ट्रकमधून सांडलेला खनिजाचा खडा काही चिकटेना. हे तर लोखंड ना? आपल्याकडचं खनिज मुख्यतः हेमॅटाइट, त्यात लोह भरपूर पण साध्या चुंबकाला ते दाद देत नाही, चिकटतात ते मॅग्नेटाइटचे कण. हे मी त्याच्या बाबांना विचारलं, ते खाणीवर होते. आजीला हे लगेच पटलं कारण तिच्या मुलानं सांगितलं, तिथे कशावरून नाही! असो.

गणिताला मात्र मजा आली. आपल्या देवळालीच्या कापरेकर गुरुजींचा आकडा सहावीला आहे हे मला ठाऊकच नव्हतं. शाळामास्तर माणूस, १९४९ साली त्यांच्या लक्षात आलं की कुठलाही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत एवढंच, अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा, जे येईल त्याचं परत तसंच, करत राहा, शेवटी ६१७४ येतो आणि तिथेच अडकतो. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८, आला ६१७४. जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात म्हणे. त्या आठवड्यात म्हापशाला बसनं जाताना समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नंबरची वजाबाकी चाललेली, कंडक्टरसुद्धा सामील. वजाबाकीचा एवढा सराव मी मागे लागून काठी घेतली असती तरी झाला नसता. आजीनं स्वतःचा आकडा दिला, गोवा मुक्त झाला ते १९६१ घे म्हणाली. ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. बरोब्बर सात! गोवा राज्य झालं ते १९८७ घेतलं तर तीनमध्येच खेळ खलास. आजी म्हणे मुक्तीला वेळ लागला तर लागणारच. आणि मग तिचा नेहमीचा प्रश्न, आठ वजाबाक्या कधीच लागत नाहीत कशावरून? याला त्यानं जे उत्तर दिलं ते मला फार आवडलं, म्हणाला चार अंकी आकडे काही संपणारच नाहीत असे नाहीत, दहा हजाराच्या आतलेच आहेत, सगळे करून बघता येतात, कंप्यूटरला सांगितलं तर लगेच होईल. म्हणजे काही गोष्टी सगळ्या तपासून सिद्ध करता येतात आणि अळवाच्या पानासारख्या काही नाही येत. हे वाक्य माझं, त्याचं नव्हे, तो तेवढ्यात खेळायला पळाला होता.

इतिहास नागरिकशास्त्राचं फार लिहीत नाही. ग्रामपंचायतीचा धडा झाला, प्रोजेक्टला थर्मोकोल आणला, गेला. मला ती थर्मोकोलची प्रोजेक्टं आवडत नाहीत, आईबापच करतात.

भूगोलाचं मात्र प्रकरण वाढलं. २३ सप्टेंबरला दिवस रात्र समान, हे वाक्य. आजी म्हणाली कशावरून, तर यानं फोनवर सूर्योदय सूर्यास्त काढला आणि निघाला दिवस सात-एक मिनिटांनी मोठा. पुस्तक खोटं? पुस्तक खोटं नाही, पण आपण सूर्योदय धरतो तो सूर्याची वरची कड दिसली की, मध्य नाही, आणि हवेतून प्रकाश वाकून येतो त्यामुळे सूर्य क्षितिजाच्या खाली असतानाच दिसायला लागतो, दोन्हीकडून मिनिटं वाढतात. आमच्याकडे खरे बारा-बारा तास व्हायला आणखी आठवडाभर जातो. हे त्याला पटलं, आजीला अर्धंच पटलं.

मग रेखांश. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, उत्तर प्रदेशात मिर्झापूरच्या जवळून जातो तो, आणि डिचोली साधारण ७४ वर. पृथ्वी २४ तासात ३६० अंश फिरते म्हणजे एका अंशाला चार मिनिटं, साडेआठ चोक चौतीस, म्हणजे आपली खरी दुपार घड्याळात बारा चौतीसला. हा हिशोब पेपरात आला होता, पूर्ण मार्क. सुट्टीत आजीनं विचारलं, खरंच बारा चौतीसला होते का रे दुपार? झालं, अंगणात मीटरभर काठी रोवली गेली. सावली सगळ्यात लहान केव्हा ते बघायचं. पण ते डोळ्यांनी कळत नाही हो, बारानंतर अर्धा पाऊण तास सावली जवळजवळ तेवढीच दिसते. मग जुनी युक्ती केली, काठीभोवती पाऊण मीटर त्रिज्येचं वर्तुळ, सकाळी सावलीचं टोक आत येताना वर्तुळाला टेकलं ती वेळ आणि दुपारी बाहेर पडताना टेकलं ती वेळ. परवा आली १०.५२ आणि १.४४. मधली वेळ काढा, बारा अठरा! चौतीस कुठे आणि अठरा कुठे. परत केलं, परत तेच. पाण्यात पिंपळाच्या पानावर सुई तरंगवून होकायंत्र केलं, वर्तुळावरच्या दोन खुणांच्या मधोमध काढलेली रेघ आणि सुई जवळजवळ एकाच दिशेला, म्हणजे काठी वाकडी नव्हती. पोरगा रडकुंडीला, पेपरात पूर्ण मार्क आणि अंगणात चूक!

रात्री मी बसून वाचून काढलं. पृथ्वीची कक्षा गोल नाही, जराशी लांबट, शिवाय आस कललेला, त्यामुळे सूर्याची दुपार घड्याळाच्या मागे-पुढे सरकत असते वर्षभर, आणि सर्वात जास्त पुढे असते ती नेमकी नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सोळा मिनिटं. चौतीस वजा सोळा, अठरा. मी त्याला सकाळी फोव (पोहे) खाताना सांगितलं तर ताट सोडून आजीकडे पळाला. त्या वजाबाकीचा आनंद मला कुठल्याही पेपरच्या मार्कात दिसला नाही, खरंच सांगते.

आज व्हडली दिवाळी, संध्याकाळी तुळशीचं लग्न. आजीला अंगण स्वच्छ हवंय, वृंदावनाभोवती रांगोळी, ऊस, दिंड्याची काठी, चिंचा आवळे, आणि ह्याच्या खुणा बरोबर मध्ये. बरीच बोलणी होऊन ठरलं की वर्तुळ पुसायचं पण काठीचं भोक आणि उत्तरेची खूण ठेवायची, रांगोळी तेवढी जागा सोडून. दुपारची सावली आज ५८ सेंटीमीटर भरली, वहीत लिहून ठेवली.

आणि आता पुढचं भांडण तयार आहे. आजी म्हणते संक्रांतीला सूर्य उत्तरेला वळतो, उत्तरायण. पुस्तक म्हणतं २१-२२ डिसेंबरलाच वळतो. ह्या वेळी कशावरून विचारायची पाळी नातवाची! मी हिशोब करून दिलाय, डिसेंबरात दुपारची सावली ८१ सेंटीमीटरच्या आसपास यावी आणि १४ जानेवारीला ७५, म्हणजे संक्रांतीपर्यंत ती कमी व्हायला लागून बरेच दिवस झालेले असणार. कधीकाळी दोन्ही एकाच दिवशी यायचं, पण पृथ्वीचा आस हळूहळू डुलतो त्यामुळे साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस फरक पडतो, तेवीस-चोवीस दिवसांना धरले तर सतराशेच्या आसपास वर्षं झाली. आजी म्हणाली मग तिळगूळ कधी वाटायचा, डिसेंबरात? तो म्हणाला नको, तेव्हा नाताळची सुट्टी जवळ असते, डोसबिस गोड खाऊन पोट भरलेलं असतं.

२१ डिसेंबरला रविवार आहे, तो स्वतः करील. १४ जानेवारीला मात्र शाळा असणार, आणि तेव्हा दुपार सरकून पावणेएकच्या सुमाराला होते, म्हणजे खूण करायचं काम आजीकडे. ती म्हणाली करते की, पण त्या दिवशी हळदीकुंकवाची तयारी असते, खडू सकाळीच माझ्या हातात देऊन जा आणि टेप पण, परवा शोधत होते तर तुझ्या दप्तरात निघाली.