पेट्रोल पंपावरच्या केबलचे वेष्टन

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे ती वर विरून न जाता जमिनीलगत पसरते आणि नेमकी केबलच्या चरात साठते. म्हणून डिस्पेन्सरकडे (पेट्रोल भरून देणाऱ्या यंत्राकडे) जाणारी केबल निवडताना किमतीच्या आधी तिचे वेष्टन पाहावे, असा माझा आग्रह असतो.

साध्या पीव्हीसीचा मऊपणा त्यात मिसळलेल्या प्लॅस्टिसायझरमुळे असतो. त्यावर पेट्रोल वारंवार झिरपत राहिले, तर हा घटक हळूहळू निघून जातो, वेष्टन कडक होऊन आक्रसते आणि जिथे केबल वळते तिथे बारीक तडे दिसू लागतात. एक्सएलपीई (क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीन) इन्सुलेशन 90 अंश सेल्सिअसपर्यंत सतत टिकते, तर साधे पीव्हीसी 70 अंशांपर्यंतच. त्यामुळे आतल्या तारांसाठी मी एक्सएलपीईच सुचवतो. मात्र पेट्रोलला प्रथम तोंड देते ते बाहेरचे आवरण, आणि ते पेट्रोलसारख्या हायड्रोकार्बनला दाद न देणारे आहे याची खात्री उत्पादकाकडून लेखी घ्यावी.

दुसरी बाब सहसा दुर्लक्षित राहते. तारांमधल्या पोकळीतूनही वाफ पुढे सरकू शकते, म्हणूनच स्फोटक वातावरणातल्या विद्युत जोडणीसाठीचे आयएस/आयईसी 60079-14 हे मानक गोल, घट्ट भरलेल्या केबलवर भर देते. अशी केबल आर्मर्ड (धातूचे कवच असलेली) घ्यावी, फ्लेमप्रूफ पेटीत (आतली ज्वाला बाहेर न जाऊ देणाऱ्या पेटीत) ती प्रमाणित फ्लेमप्रूफ ग्लँडमधूनच (केबल पेटीत शिरते तिथे ती घट्ट धरणाऱ्या जोडभागातूनच) न्यावी आणि चर वाळूने पूर्ण भरून घ्यावा.