चेस्टरफील्डचं शिखर: पीळ बसला!

बसला! इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डच्या चर्चच्या पिळलेल्या, कललेल्या शिखराचं मॉडेल करतोय, रविवारी रात्री साडेअकराला त्याचा पीळ बसला. सकाळी उठल्या उठल्या आधी टेबलाशी गेलो, जागचा हलला नव्हता.

मागच्या वेळी दाखवलेले, शिखराच्या आठ बाजूंचे कार्डाचे आठ त्रिकोण रद्दीत गेले. 1:100 ला जमिनीपासून टोकापर्यंतच्या 228 फुटांचे 69.5 सेमी होतात, ते माप पक्कंच होतं. अडत होतं कार्डापाशी. सपाट त्रिकोण पिळायला घेतला की मधोमध सुरकुती. कार्ड ओलं करून पाहिलं, पातळ घेतलं, तरी तेच. कागद एका अंगाने वळतो, पिळाला दोन्ही अंगांनी वळावं लागतं.

समोरच्या वाड्याचं छप्पर उतरवायला आलेल्या मिस्त्रींना फोटो दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "आत कैच्या आहेत का, भाऊ?" कैच्या, म्हणजे छपराला आतून धरणारे तिरपे आधार, पुरेशा नाहीत, तीच तर गोष्ट! चौदाव्या शतकातला ओल्या लाकडाचा सांगाडा, तिरपे आधार अपुरे आणि वर 33 टन शिशाचा पत्रा. 1349 च्या सुमारास प्लेगात जाणते सुतार गेले, म्हणून ही कसर राहिली, असंही सांगतात. "मग पिळणारच की," मिस्त्री म्हणाले. तिथेच सुचलं: कातडं कशाला पिळायचं, हाडंच पिळू.

आधीच्या, कला शाखेच्या घुमटाच्या मॉडेलातून उरलेल्या ग्रे बोर्डच्या (जाड करड्या पुठ्ठ्याच्या) 16 अष्टकोनी चकत्या कापल्या. वर जाताना लहान होणाऱ्या, प्रत्येक खालचीपेक्षा 3 अंश फिरलेली. पंधरा टप्प्यांत 45 अंश पुरे. कोपऱ्यांच्या खाचांत खराट्याचे आठ हीर बसवले. हीर बुडाशी जाड, टोकाशी बारीक, वळवला तरी मोडत नाही. बांबूच्या काड्यांनी मला नुसतं रडवलं होतं. खाचांसाठी औषधाच्या दुकानातलं 11 नंबरचं सर्जिकल ब्लेडच घ्या. ऑनलाइन मागवलेला महागडा कटर तिसऱ्या चकतीला बोथट झाला.

पण पहिल्या ड्राय फिटला, म्हणजे गोंद न लावता जुळवून पाहिलं तेव्हा, ते शिखर नव्हतं, वाढदिवसाची मेणबत्ती होती. कारण मी कल धरलाच नव्हता. खरं टोक मध्यापासून 9 फूट 6 इंच सरकलंय, म्हणजे आपल्याकडे 2.9 सेमी. सगळ्या चकत्या उतरवल्या, त्या ज्या तारेत ओवल्या होत्या ती मधली तार हलकेच वाकवली, पुन्हा ओवल्या. मान कलली आणि त्यात जीव आला! पंधरा मिनिटं नुसता बघत बसलो.

आता पत्रा. घरात लहान मूल आहे, खरं शिसं नको. मलमाच्या रिकाम्या ट्यूब उघडून पॉलिश पेपरने घासल्या की छान करडा रंग येतो. पट्ट्या प्रत्येक बाजूवर माशाच्या काट्यासारख्या, मधल्या रेषेवर मिळणाऱ्या. त्या तिरप्या रेघांमुळेच आठ बाजू लांबून सोळा भासतात. हा भास साधला नाही तर सगळी मेहनत वाया.

यानंतर चर्चचा मुख्य सभामंडप घेणार होतो. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, मागची एक बाजू उघडीच ठेवावी. चकत्यांची किनार लाकडी रंगात, आत पुरेसा तिरपा आधार नाही, हे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. मग सभामंडप दिवाळीनंतर. गुरुवारी पत्रा कापायला घेतो. मलमाच्या ट्यूब टाकू नका, अजून तीसेक तरी लागतील.